ठेव, फेकू नकोस

"लढाय आलीयस का पाहुणचार कराय?"

दळवी सरांनी पाण्याची बाटली माझ्या तोंडाला लावली आणि मी दोन घोट घेते न घेते तोच काढूनही घेतली. पहिला राउंड मी हरले होते. नुसती हरले नव्हते, चांगली धुतली गेले होते. हनोईचं स्टेडियम आपल्या बाईसाठी गर्जत होतं आणि मी कोपऱ्यातल्या स्टुलावर मान खाली घालून बसले होते.

"सर, ती लई फास्ट आहे."

"फास्ट? बत्तीस वर्षांची बाई आहे ती. तू वीस. तिची उजवी लाथ तीन येळा तुझ्या हातात आली, तीन येळा सोडून दिलीस. तापला तवा होता काय?"

सरांचं एक बरं असतं, ते खोटं बोलत नाहीत. आणि एक वाईट असतं, त्यांना सगळं दिसतं. त्यांना एवढंच ठाऊक नव्हतं की लाथ पकडल्यावर पुढे काय करायचं ते मला नको इतकं ठाऊक होतं.

खेळाचं नाव सांडा, मूळचा चिनी. लाथ, ठोसा आणि उचलून पाडणं, तिन्ही चालतं. मांडीइतक्या उंच चौथऱ्यावर दोन-दोन मिनिटांचे तीन राउंड, त्यातले दोन जिंकले की झालं. ही सेमीफायनल होती. समोरच्या कोपऱ्यात बसली होती क्वाच थी हिएन. चौदा वर्षं देशासाठी खेळलेली, आणि ही तिची शेवटची स्पर्धा असल्याचं हनोईच्या पेपरांनी आठवडाभर छापलेलं. हिएन म्हणजे म्हणे मवाळ. तिच्या आईबापांनी नाव ठेवताना तिची उजवी लाथ पाहिली नव्हती, एवढंच.

मी तिला ची म्हणत असे. ची म्हणजे मोठी बहीण. ती मला एम म्हणायची, म्हणजे धाकटी. त्यांच्या भाषेत सुटं 'तू' नसतंच. समोरचा आपल्यापेक्षा मोठा की लहान हे आधी ठरवायचं आणि मगच तोंड उघडायचं. हे मला कसं कळलं ते सांगते, कारण त्या पायरीवर मी एकदा सपशेल पडले होते.

या लढतीच्या दहा महिने आधी आम्हा चार भारतीय मुलींना सहा आठवड्यांच्या सरावासाठी हनोईला पाठवलं होतं. पहिल्याच संध्याकाळी आम्हाला जेवायला चार वेगवेगळ्या टेबलांवर बसवलं. माझ्या टेबलावर हिएन आणि तिच्या संघातल्या तीन मुली. मध्ये वाफाळता भात, तळलेला मासा, उकडलेली पालेभाजी. दिवसभर सराव करून माझ्या पोटात कावळे ओरडत होते. पण कोल्हापुरात आमच्या घरी आजोबांनी पहिला घास उचलल्याशिवाय ताटाला हात लावायची कुणाची टाप नव्हती. मी शहाण्यासारखी हात मांडीवर ठेवून बसले. मोठी माणसं सुरू करतील, मग आपण करू.

मोठी माणसं सुरू करेनात. मी हसले, त्या हसल्या. भाताची वाफ विरली. शेजारच्या टेबलावर भांडी वाजायला लागली आणि आम्ही पाचजणी देवळात बसल्यासारख्या बसलेल्या. शेवटी माझ्या पोटानंच असा काही आवाज काढला की समोरची मुलगी तोंडावर हात दाबून हसू लागली.

हिएननं जेवायच्या काडीनं माझ्या वाटीवर टकटक केलं. तिचं इंग्रजी मोडकं होतं आणि माझं त्याहून मोडकं, त्यामुळे आमचं बरं जमायचं.

"तू. लहान. तू बोल."

"काय बोलू?"

"एम मोय ची आन कम."

म्हणजे, धाकटी मोठ्या बहिणीला जेवायला बोलावते. त्यांच्याकडे टेबलावरच्या सगळ्यात लहान माणसानं थोरांना एकेक करून असं बोलवायचं असतं. त्याशिवाय थोरांनी काडी उचलायची नाही. मी त्यांच्यासाठी थांबले होते, त्या माझ्यासाठी. मी कोल्हापुरी ठसक्यात ते वाक्य चार वेळा म्हटलं, एकेकीकडे बघून. सगळं टेबल खदखदून हसलं, आणि मग असं जेवण चाललं की मासा दिसेनासा झाला. हिएननं माशाचा पाठीकडचा, काटे नसलेला तुकडा उचलून माझ्या वाटीत टाकला. आईची आठवण येऊन मला रडूच फुटलं. तिखट लागलं असं मी सांगितलं. त्या माशात तिखट औषधालाही नव्हतं.

त्या दिवसापासून ती माझी ची झाली. सरावाला मला तिच्या जोडीला दिलं होतं. तिच्या लाथेनं माझ्या बरगड्या रोज मोजल्या. पण रोजचा सराव संपला की ती मला अर्धा तास जास्तीचा थांबवून घ्यायची आणि एकच डाव शिकवायची. समोरच्याची लाथ काखेत पकडायची, आत शिरायचं, आणि ज्या पायावर तो उभा आहे त्याला आतून टांग लावायची. माझे वडील तालमीतले, टांग मला पाळण्यापासून माहीत. तिची भानगड वेगळीच होती. टांग लागल्यावर पकडलेला पाय ती सोडू द्यायची नाही.

"फेकू नको," ती म्हणायची. "ठेव."

"ची, पडलं की दोन पॉइंट मिळाले. पुढचं तिचं ती बघेल."

"ठेव."

पकडलेला पाय छातीशी धरून, स्वतः उभं राहून, समोरच्याची पाठ चटईला टेकेपर्यंत त्याचा भार सांभाळायचा. भलतंच अवघड. मी चिडायचे. दोन पॉइंटांसाठी आता लोकांना अंगाई म्हणून झोपवायचं का, असं मी मराठीत पुटपुटायचे. तिला शब्द कळायचे नाहीत, सूर बरोबर कळायचा. ती म्हणायची, "परत." दिवसाला पन्नास वेळा. ती कायम डावी लाथ मारायची, म्हणजे मी टांग लावायची ती तिच्या उजव्या पायाला. लढतीत तिची चाले ती उजवी लाथ; सरावात या डावाला मात्र ती कधीच मारायची नाही. मला वाटायचं, जपतेय आपलं हत्यार.

ती काय जपत होती ते तिसऱ्या आठवड्यात जिन्यावर कळलं. मी तिच्या मागून चढत होते. प्रत्येक पायरीवर तिची डावी टाच आधीच उचलली जायची, भार गुडघ्यावर येण्याच्या जरासं अगोदर. दुसऱ्या दिवशी सरावात पाहिलं. उजवी लाथ सुटण्याआधी तीच टाच, तशीच. ते ज्याला दिसलं त्याला लाथ कधी येणार ते आधी कळणार. आणि ज्यानं ती लाथ पकडली, त्याच्यासमोर उभा राहणार तो फक्त तिचा डावा गुडघा.

मी तिच्या खोलीत गेले. ती खाटेवर बसून गुडघ्यावर भाजलेल्या मिठाची पुरचुंडी फिरवत होती. आमची आजी अस्संच करायची. मी तिच्या हातातून पुरचुंडी घेतली आणि शेकायला बसले.

"अजून इतका दुखतो ते कोचना माहीत आहे?" मी विचारलं.

"नाही."

"तुमच्या आईला?"

"आईला सगळं माहीत असतं." मग म्हणाली, "डॉक्टर म्हणतो, आणखी एकदा पिरगळला की मांडी घालून बसायचं विसर."

उरलेले तीन आठवडे मी रोज संध्याकाळी तो गुडघा शेकला. त्याच्यावरचा प्रत्येक जुना टाका मला पाठ झाला. निरोप घेताना तिनं माझे दोन्ही हात हातात घेऊन उलटसुलट करून पाहिले, मंडईत कणीस पाहतात तसे, आणि म्हणाली, "चांगले आहेत."

आणि आता ड्रॉनं आम्हाला समोरासमोर आणून उभं केलं होतं. दळवी सरांनी आदल्या दिवशी विचारलं होतं, "सहा आठवडे तिच्यासंगं व्हतीस. काय कच्चं घावलं का?" मी नाही म्हणाले. सरांशी बोललेलं ते माझं पहिलं खोटं. वजनं झाल्यावर दारात ती भेटली तेव्हा मला खूप काही बोलायचं होतं. ती म्हणाली, "पोटभर जेव," आणि निघून गेली. मी तिच्या डाव्या टाचेकडे बघत उभी राहिले.

म्हणून पहिल्या राउंडला तीन वेळा लाथ माझ्या काखेत आली आणि तीन वेळा मी ती सोडली. टांग लावली असती तर तो गुडघा गेला असता. माझ्या हातून. मला ते जमणारच नव्हतं, आणि मला त्याची लाजही वाटत नव्हती.

"ऐक," सर खाली बसले. आवाज उतरला होता. "तुझी तिच्यावर माया आहे, मला काय दिसत न्हाई व्हय? पण बघ तिकडं. बघ की. तिचं तोंड बघ."

मी पाहिलं. राउंड जिंकलेली बाई अशी दिसत नाही. तिचे कोच तिच्या कानाशी हसून काहीतरी सांगत होते आणि ती त्यांच्याकडे बघतही नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. मी तिला सरावात वैतागलेली पाहिली होती, वेदनेनं ओठ चावताना पाहिली होती. दुखावलेली पहिल्यांदाच पाहत होते.

घंटा झाली.

दुसरा राउंड सुरू झाला आणि ती आलीच नाही. म्हणजे चौथऱ्याच्या मधोमध आली, पण पुढे काही करेना. हात वर, नजर माझ्यावर, आणि उभी. मीही उभी. एका बाजूला मला मारवत नव्हतं, दुसऱ्या बाजूला ती मारत नव्हती. स्टेडियमचा आवाज हळूहळू बसला. एक बाई वरून काहीतरी ओरडली, कुणीतरी हसलं. पंचानं दोघींकडे पाहून हल्ला करायची खूण केली. तरी आम्ही तशाच, भात निवत चाललेल्या त्या टेबलावर बसल्यासारख्या.

तेव्हा ती दातांवरच्या रबरातून बोलली. पंचालासुद्धा ऐकू गेलं नसेल इतक्या हळू.

"एम. मोय."

धाकटे. बोलाव.

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. हेल्मेटमध्ये डोळे पुसता येत नाहीत. मला काय ते सगळं कळलं असं नाही. एवढंच कळलं की ती जेवायला बसली आहे, मी बोलावल्याशिवाय ती हात लावणार नाही, आणि मी तिला सगळ्यांसमोर उपाशी बसवून ठेवलं आहे.

"मोय ची," मी म्हणाले आणि सरळ तिच्या छातीवर ठोसा मारला.

मग ती आली. काय आली! पहिल्या राउंडला तिनं मला खेळवलं होतं, आता ती लढत होती. एक ठोसा हेल्मेटवर असा बसला की मला क्षणभर दोन हिएन दिसल्या. आणि मग तिची डावी टाच उचलली गेली.

लाथ आली तेव्हा माझी काख तयार होती. पकडली, आत शिरले, टांग लावली. ती पडायला लागली आणि माझ्या हातांनी, मला न विचारता, तो पाय छातीशी घट्ट धरला. मी तिला खाली ठेवलं. दोन पॉइंट. ती उठली, हेल्मेटमधून मला तिचे डोळे दिसले, आणि ते हसत होते. राउंड संपायच्या आत आणखी एकदा तसंच झालं. राउंड माझा.

कोपऱ्यात दळवी सरांनी मला नुसतं पाणी दिलं. बाटलीही काढून घेतली नाही.

तिसऱ्या राउंडला तिनं आधी मला चौथऱ्याखाली ढकललं. मी ठोशांनी बरोबरी केली, पण बरोबरीत सुटलं की राउंड हलक्या वजनाच्या खेळाडूचा, ती माझ्याहून हलकी होती, आणि अर्धं मिनिट राहिलं होतं. तिला नुसतं लांब राहायचं होतं, वेळ काढायचा होता. कुणीही तेच केलं असतं. टाच उचलली गेली. मी लाथ पकडली. टांग लावली, आणि या वेळी तिच्या गुडघ्यात काहीतरी हललेलं मला माझ्या पोटरीला कळलं. ती ओरडली नाही. तिचा सगळा भार माझ्या हातांत आला. मी पाय धरून ठेवला, तिच्याबरोबर कमरेत वाकत गेले, आणि माझ्या आयुष्यात कुठली वस्तू इतकी हळू खाली ठेवली नसेल तशी तिला ठेवली.

पंच थांब म्हणाला. मी पाय सोडला नाही. तो पुन्हा म्हणाला. मला ऐकू येत होतं, पण सोडला तर तो पाय आपटेल एवढंच डोक्यात होतं. त्यानं मला ताकीद दिली, माझा एक गुण गेला. दळवी सर डोक्याला हात लावून बसले. मी आधी पाऊल चटईला टेकवलं आणि मग सोडलं.

डॉक्टर चढून वर आला. तिनं त्याचा हात बाजूला केला, एकटी उठली, उरलेले सेकंद एका पायावर उभी राहून काढले, आणि मी चार पावलांवर हात वर करून उभी राहिले. त्या सेकंदांत मी काही केलं नाही आणि तिनंही काही मागितलं नाही. ताकीद धरूनही मी एका गुणानं जिंकले होते. पंचानं माझा हात वर केला तेव्हा स्टेडियम गप्प होतं. तिनं मूठ तळव्यावर ठेवून मला नमस्कार केला, मग लंगडत चारही बाजूंना फिरून लोकांना केला. मग मात्र लोक उठले आणि बराच वेळ बसलेच नाहीत.

वैद्यकीय खोलीत ती गुडघ्यावर बर्फ ठेवून आडवी पडली होती. मी दारातच रडायला लागले होते.

"पहिला राउंड," तिनं माझ्याकडे न बघता बोट वर केलं. "खूप राग."

"माफ करा, ची."

"चौदा वर्षं मला मुली मारतात. भरपूर मारतात. आज तू मारलं नाही. एका राउंडमध्ये मी म्हातारी."

मी मान खाली घातली. मला माया वाटत होती ती, आणि तिला ती भीक लागली होती. माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं.

"गुडघा?"

"डॉक्टर म्हणतो, वाईट. पण वाटलं होतं तेवढा नाही." ती थोडी उठून बसली. "पंच सोड म्हणाला. का नाही सोडलास? गुण गेला."

"तुम्हीच शिकवलंत. ठेव म्हणून. मला वाटलं तुमच्याकडे सगळ्यांना तसंच शिकवतात."

तिनं माझे हात ओढून घेतले आणि दहा महिन्यांपूर्वी पाहिले होते तसेच उलटसुलट करून पाहिले.

"नाही," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाला नाही शिकवलं. गुडघा जाणार होता, एम. आज नाही तर उद्या, कुणाच्या तरी हातात. मी हात शोधत होते."

दिवसाला पन्नास वेळा, सहा आठवडे, मी जिच्यावर चरफडत होते ती स्वतःच्या पडण्याची तयारी माझ्या हातांत करून ठेवत होती. मी तिच्या कुशीत डोकं खुपसलं आणि लहान पोरीसारखी रडले. तिनं पाठीवर थोपटलं. थोपटतानाही मला वाटतं ती पन्नासपर्यंत मोजतच होती.

संध्याकाळी तिच्या भाड्याच्या घरी जेवायला बोलावलं होतं, मला आणि दळवी सरांना. तिची आई डोंगरातल्या गावाहून चिकट भात करून घेऊन आली होती. जमिनीवर चटई, मध्ये मोठं ताट. सगळे मांडी घालून बसले आणि हिएनला बसता येईना. पट्टी बांधलेला पाय कुठे ठेवावा ते तिला कळेना. मी सरकले आणि तो पाय उचलून माझ्या मांडीवर घेतला. तिच्या आईनं ते पाहिलं आणि माशाची वाटी माझ्या बाजूला सरकवली.

सगळे थांबले. दळवी सरांच्या पोटातून आवाज आला. "काय गं, सुरू करायचं न्हवं?" ते कुजबुजले.

"थांबा सर," मी म्हणाले. "मी लहान आहे."

मी आधी तिच्या आईला बोलावलं, मग सरांना, आणि शेवटी तिला. एम मोय ची आन कम. तिनं काड्या उचलल्या. पहिला तुकडा, पाठीकडचा, माझ्या वाटीत टाकला.

फायनल मी दुसऱ्या दिवशी हरले, अगदी रीतसर. घरच्या कपाटात रुपेरी पदक आहे. मुलांनी त्याची फीत केव्हाच हरवली. हिएन आता तिच्या गावात मुलींना शिकवते आणि उंच पाटावर बसून जेवते. नवीन वर्षाला फोन येतो. आम्ही दोघी अजून मोडकंच बोलतो.

मीही शिकवते, कोल्हापुरात. हा डाव शिकवायची वेळ आली की मी मुलींना पकडलेला पाय सोडू देत नाही. परत, म्हणते. परत. दर वर्षी एक तरी चिडते. यंदाची पन्हाळ्याकडची आहे, फटकळ.

"मॅडम, असं हळू ठेवल्यावर जास्तीचे पॉइंट मिळतात का?"

"नाही."

"मग कशाला?"

"परत," मी म्हणते. "ठेव. फेकू नकोस."